झाकलेल्या विहिरीचं पिवळं पाणी

आई, तू झाकलेली विहीर मी उघडली. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, हे मला ठाऊक आहे. तरी उघडली, आणि पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा उघडेन.

अंधेरीची आपली चाळ आता राहिलेली नाही. तिच्या जागी टॉवर उभा आहे आणि सातव्या मजल्यावरचं घर माझ्या नावावर आहे. विहीर मात्र टॉवरच्या अंगणात तशीच झाकलेली राहिली होती. मागचा कारखानाही कधीच बंद पडला. नळांना क्रोमची चकाकी चढवायचं काम तिथे चालायचं. तू सकाळी डबा घेऊन जायचीस, दिवसभर टाकीत नळ बुडवायचीस, काढायचीस, पुसायचीस. एकदा चरा पडलेला एक नळ तू पदराखाली लपवून आणलास आणि आपल्या मोरीत बसवून घेतलास. मी कितीतरी वेळ त्यात माझं वाकडं तोंड बघत बसले होते. तुझ्या बोटांवर तेव्हा बारीक खोल जखमा असायच्या, भरून यायच्याच नाहीत. नाकातून रक्त यायचं. तू म्हणायचीस, उष्णता झालीय. पुढे तुझी मूत्रपिंडं गेली ती कशाने, हे कुणी सिद्ध केलं नाही, आणि मीही आता ते सिद्ध करायला बसलेली नाही.

कारखान्याचं सांडपाणी मागच्या खड्ड्यात जायचं आणि तिथून जमिनीत मुरायचं. आपल्या विहिरीचं पाणी पिवळं झालं तेव्हा चाळीत सगळ्यात आधी तुला कळलं, कारण तो रंग तू रोज टाकीत बघत होतीस. त्याच दुपारी तू बायका गोळा केल्यास, शेजारच्या बांधकामावरून लाद्या मागून आणल्यास आणि विहिरीचं तोंड बंद केलंस. कुणी तक्रारीचा विषय काढला तर तू म्हणालीस, "झाकलाव मा? मग विषय संपलो." आम्ही पोरं त्यामुळे वाचलो. हे मी कधीच नाकारणार नाही.

पण मी नववीत होते. लाद्यांच्या फटीतून दोरीला बाटली बांधून मी ते पाणी काढलं आणि शाळेत सरांना दाखवलं. सर म्हणाले, तक्रार करायला हवी. घरी आले तेव्हा तू भाकऱ्या थापत होतीस. बाबांची गिरणी बंद पडलेली, ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. तू पिठाच्या हातांनी बाटली घेतलीस, मोरीत ओतलीस आणि म्हणालीस, "उद्या कारखान्याक टाळा लागला तर तुझो मास्तर पोसतलो काय आमका? गप रव." मी गप्प राहिले. तुझं चुकलं असं तेव्हाही वाटत होतं. आता भाकरी कुठून येते हे मला कळतं, तरी माझं मत बदललेलं नाही. तू विहीर झाकलीस ते बरोबर केलंस, तोंड झाकलंस ते चूक केलंस.

मी पुढे याच विषयात शिकले, जमिनीखालचं घाण पाणी साफ करायच्या कामाला लागले. दुसऱ्यांच्या गावात, दुसऱ्यांच्या विहिरींवर. मग एक दिवस आपल्याच टॉवरला पाण्याची टंचाई झाली आणि टँकर येऊ लागले. ते कुठे भरतात म्हणून बघायला उतारावरून खाली गेले, तर वस्तीजवळच्या जुन्या विहिरीवर पंप धडधडत होता. वस्तीतल्या बायका त्याच विहिरीवर हंडे भरत होत्या. एकीने मला हंडा दाखवला. "बघा ना ताई, हल्ली पिवळसर येतंय. गंज असेल का हो?" मी नमुना तपासून घेतला. गंज नव्हता, आई, क्रोम होतं. ते आपलं पाणी होतं. खालून पंपाने जोरात उपसलं की वरचं पाणी जमिनीतून तिकडे ओढलं जातं. आम्ही टँकर मागवत होतो आणि प्रत्येक टँकरबरोबर आमच्या अंगणाखालचं विष त्यांच्या हंड्याजवळ ढकलत होतो.

मी आधी त्या बायकांना ते पाणी वापरायचं थांबवायला सांगितलं, मग कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला लागले. पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले, "प्रदूषण आमच्याकडे येत नाही, मॅडम." प्रदूषणवाले म्हणाले, "पाणी द्यायचं काम आमचं नाही." शेवटी दोघांनाही एकाच सकाळी सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं, चहा दिला आणि मधे काचेच्या ग्लासात ते पाणी ठेवलं. म्हटलं, "जमिनीखाली तुमची खाती वेगळी नाहीत. आमच्या विहिरीतून आम्हीच पाणी उपसतो, म्हणजे ते खाली जाणार नाही. साफ करतो आणि फ्लशला वापरतो. टँकर बंद. फ्लशमध्ये जाणारं तुमचं जे चांगलं पाणी वाचेल, ते वस्तीला जोडून द्या." पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी ग्लास उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "तुमची सोसायटी पाणी सोडेल?"

खरी लढाई तिथेच होती. सभेत सेक्रेटरी म्हणाला, विहिरीचा बोभाटा झाला तर फ्लॅट कोण घेणार? कुणी म्हणालं, आमचं पाणी आम्ही का द्यायचं? माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "विष फुकट देत होतो ना इतके दिवस? मग पाणी द्यायला का जीव जातो?" मग शेजारची मावशी उठली, तुझ्याच टाकीवर तुझ्याबरोबर काम केलेली. काठी टेकत म्हणाली, "तुझ्या आवशीन ती झाकल्यान म्हणान तुम्ही पोरां वाचलात. आता तू उघडून आमका मारतंस?"

"मावशी, झाकण वर आहे. पाणी खालून गेलंय."

"खंय गेला?"

"खालच्या वस्तीत. बायका तेच भरतायत."

मावशीने काठी जमिनीवर आपटली. मग म्हणाली, "मगे काढ भायर." आणि खाली बसण्याआधी तिने हात वर केला. तिच्यामागून इतरांचे हात वर आले. सगळ्यांचे नाही, पण पुरेसे.

आता पार्किंगच्या कोपऱ्यात टाक्या आहेत. पाण्यात लोखंडाचं मीठ सोडलं की विषाचा हिरवट गाळ होऊन तळाशी बसतो. तो पिंपांत भरून घातक कचऱ्याच्या जागी जातो, कुठल्याही खड्ड्यात नाही. वरचं पाणी गाळून, तपासून फ्लशला जातं. पिणार कुणी नाही, ते मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय. वस्तीत नळ आला, त्यासाठी आणखी भांडावं लागलं. खालची विहीर बंद ठेवलीय, टँकरवाला मला शिव्या देत दुसरीकडे गेला. आपल्या विहिरीचा पिवळेपणा उतरतोय, पण अजून बाकी आहे. आणखी बरीच वर्षं उपसावं लागेल. उपसू.

तर विषय संपलेला नव्हता, आई. तू म्हणालीस म्हणून तो संपत नाही. हे तुला ठणकावून सांगायचं होतं म्हणून लिहायला बसले, नाहीतर हे पत्र पाठवायला पत्ता कुठला? आता वाचून बघते तर आवाज फारच चढलाय माझा. एक मात्र खरं सांगते. तू त्या सभेत पहिल्या खुर्चीवर बसून नुसतं "गप रव" म्हणाली असतीस ना, तर मी गप्प बसले असते.