व्हिएतनामच्या नोकरीत फारूखचा हात

१२ मार्च २०२४, मंगळवार
निर्णय पक्का. मे महिन्यात व्हिएतनाम! सहा आठवड्यांचा समर कॅम्प, तिथल्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायचं. शहागंजच्या शाळेत बावीस वर्षं पॅसिव्ह व्हॉइस शिकवला, आता परदेशात. बायको सोडून कुणाला सांगायचं नाही. लोकांची नजर लई वाईट.

१३ मार्च
फॉर्म भरला. आपल्याबद्दल पत्र लिहील अशा एका सहकाऱ्याचं नाव मागतात. हेडमास्तर नको, जळतात. फारूखचं दिलं. मला ज्युनिअर, साधा माणूस. म्हणाला, "सर, टेन्शन नक्को लेव. मैं लिखता." पत्र मला दाखव म्हटलं, तर म्हणे ते थेट कॅम्पलाच जातं, उमेदवाराला दाखवायचं नसतं.
हे कुणी ठरवलं?

१८ मार्च, सोमवार
मोठ्या सुट्टीत फारूख स्टाफरूममध्ये एकटाच. रोजे चालू आहेत, डबा नाही, मान्य. पण मोबाईलवर टाइप काय करत होता? मला बघताच मोबाईल पालथा.

१९ मार्च
मागून जाऊन पाहिलं. स्क्रीनवर कॅम्पचं नाव! मला उत्तर नाही आणि याला मेल. म्हणजे यानं स्वतःच अर्ज टाकलाय.
आशा म्हणाली, "अहो, तुम्हीच त्यांचं नाव दिलंत ना? मग मेल त्यांनाच येणार." हिला राजकारण कळत नाही. शिवाय फारूखच्या जाहेदाशी हिची मैत्री. घरातही सावध राहायला हवं.

२३ मार्च, शनिवार
व्हिडिओ कॉलवर मुलाखत. कॅम्पच्या बाईंनी विचारलं, लाजणाऱ्या मुलाला बोलतं कसं कराल? इतका सोपा प्रश्न म्हणजे सापळाच. मी क्लॉजचे प्रकार उदाहरणांसह सांगितले. बाई गप्प. छाप पडली. मग "मिस्टर फारूख..." असं काहीतरी म्हणाल्या आणि रेंज गेली.
आता शंकाच नाही.

२४ मार्च
कॅम्पला मेल पाठवला. थोडक्यात: फारूख यांच्या शब्दावर विश्वास ठेवला जाऊ नये. वाक्य पॅसिव्हमध्ये, म्हणजे व्यक्तिगत वाटत नाही. मन हलकं झालं. माळ्यावरून बॅग काढली.

१० एप्रिल, बुधवार
उत्तर आलं. लिहितात, मुलाखत कमी पडली होती. तरीही वर्गात इंग्रजी बोलायची हिंमत स्वतःला तुमच्यामुळं आली, असं मिस्टर फारूख यांनी लिहिलं होतं, म्हणून तुम्हाला घेणार होतो. मात्र तुमच्याच सूचनेनुसार त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवलेला नाही. क्षमस्व.
चार वेळा वाचलं. व्याकरणाची एकही चूक सापडली नाही.
आशाला वाचून दाखवलं. तिनं मोबाईल घेऊन पालथा ठेवला. मग म्हणाली, "उद्या ईद आहे. त्यांच्याकडं जायचंय."

११ एप्रिल
गेलो. फारूखनं दारातच गळामिठी मारली. जाहेदानं शीरखुर्मा आणला. फारूखनं विचारलं, "सर, कब निकलरे?"
मी म्हणालो, "संस्था संशयास्पद वाटली. मीच नाही म्हटलं."
त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मेरेकोच पहले पता करना था. गलती मेरी है सर, माफ करो."
आशा माझ्याकडं एकटक बघत होती. मी वाटीत बघितलं.
माफ केलं.