‘गुपचूप’ कोण वापरतं?

३ मार्च. सकाळी ७.१०
काल नोकरी सोडली. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, हे आधी विचारायचं असतं रे. मुद्दा रास्त आहे. पण माझं ‘गुपचूप’ ॲप बाजारात आलं की तीच अभिमानाने सांगत फिरेल. कोणी, कोणाला, कशासाठी पैसे दिले ते बँकेला कळणार नाही, दुकानदाराला नाही, मलासुद्धा नाही! माणसाची अब्रू झाकलेली राहील.

११ मार्च
ॲप सुरू. गल्लीतला बेकरीवाला आणि औषधवाला राजी. बेकरीवाल्याने विचारलं, पैसे कोणी दिले तेच कळलं नाही तर पाव कोणाच्या हातात ठेवू? म्हणालो, समोर असेल त्याच्या. तो म्हणाला, समोर सातजण असतात. सामान्य माणसाला प्रायव्हसी पचायला वेळ लागतो.

१९ मार्च
अनुदान देणाऱ्या संस्थेतल्या बाई खूश. महिनाअखेरीस एकच आकडा हवाय: किती माणसं ॲप वापरतात. चुटकीसरशी देतो म्हणालो.
घरी येऊन पाहिलं. व्यवहार बेचाळीस. माणसं किती, कळत नाही. बेचाळीस असतील. एकही असेल. कुलूप केलं, किल्ली केलीच नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे यशच.

२० मार्च
शेजारच्या निवृत्त मास्तरांना विचारलं, ॲप वापरता का? म्हणाले, सांगितलं तर गुपचूप कसलं? वरच्या मजल्यावरच्या वहिनी नुसत्याच हसल्या. लोकांनी तत्त्व फारच मनावर घेतलंय.

२२ मार्च. दुपारी १.३०
उपाय सापडला. औषधवाल्यासमोरच्या बाकावर वही घेऊन बसलो. ही पाळत नव्हे. संशोधन.
११.२० मास्तर. केसांचा कलप. रोख.
११.४५ वहिनी. वजन कमी करायची पावडर, दोन डबे. रोख.
१२.१० सासरेबुवा. मूळव्याधीचं मलम. फोन काढला! किती वाजले ते पाहिलं. रोख.

२६ मार्च
बायकोच्या हाती वही लागली. म्हणाली, माझ्या बाबांचं मलमही लिहिलंस? दुपारपासून अबोला. शांततेत काम छान होतं. दूध उतू गेलं.

३१ मार्च. संध्याकाळी ६
सादरीकरण. बाईंनी आकडा विचारला. पुरावा म्हणून वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली. विचारलं, या लोकांना माहीत आहे का, तुम्ही हे लिहिता ते? म्हणालो, अजिबात नाही, पूर्ण गुप्तता पाळली आहे. बाईंनी वही चिमटीत धरून परत दिली.
अनुदान नाही. दूरदृष्टीचा अभाव.

२ एप्रिल
सासरेबुवांची माफी मागायला गेलो. त्यांनी दार साखळीएवढंच उघडलं. खिसे दाखवायला लावले, मग आत घेतलं.
परतल्यावर बायको सात दिवसांनी बोलली. म्हणाली, ॲपवरचे ते व्यवहार माझे होते. रोज बेकरीत जाऊन पाव एकेक करून घ्यायची. आकडा वाढला की तू शीळ घालायचास, म्हणून.
विचारलं, सगळे? एकही दुसऱ्या कोणाचा नसेल?
ती म्हणाली, ते तुझं ॲप सांगत नाही ना.
गॅलरीत जाऊन उभा राहिलो. शीळ घालून पाहिली. नुसती हवा आली.