कुंकू लावलेली पत्रकं

शनिवार, रात्र

रेवाच्या एकटीच्या विनोदी प्रयोगाला आज पहिली रांगसुद्धा भरली नाही. छोट्या नाटकांचा महोत्सव हा, जाहिरात ज्याची त्यानं करायची. म्हणून भवानी पेठेत घरोघरी पत्रकं मीच वाटली. लेकीचं शुभकार्य, म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्याला कुंकू लावलं. तेच नडलं का?

परतताना दारात शेजारच्या कमलवहिनी भेटल्या. म्हटलं, "आला नाहीत ते?"

"अगं बाई, नाटक होतं व्हय? मला वाटलं रेवाची लग्नपत्रिका. कुंकू बघून देवापुढं ठेवली की! जावई कुठला, मोहोळचा का?"

म्हणजे आत काय लिहिलंय ते कुणी वाचलंच नाही.

रेवा शेजारीच उभी होती. घरात आल्यावर म्हणाली, "आई, उद्याची पत्रकं वाटू नकोस. उद्याचा शेवटचा प्रयोग. मग बसते मावशीच्या दुकानात, तू म्हणतेस तशी."

हेच तर मी वर्षभर देवाकडं मागत होते. मग आनंद का होईना?

उरलेली पत्रकं रद्दीत घालावीत, तर कुंकू लागलेलं. शेवटी मीही सिद्धेश्वराच्या तसबिरीपुढंच ठेवली. तिथं तरी कोण वाचणार आहे?