रूथच्या कोंबड्यावर माझा नवस

मिरजगावाजवळून,
बुधवार, १६ फेब्रुवारी १९७२

तीर्थरूप अण्णांच्या चरणी यज्ञेश्वराचा दंडवत (गुडघा दुखत असल्यामुळे कागदावरच घातला आहे, गोड मानून घ्यावा). तुमची कवळी बसली, की अजून डबीतच असते? वहिनींचा दमा या दिवसांत उचल खातो, त्यांना जपा. इकडे दमयंती, तुमची बहीण, ठणठणीत आहे. मी मात्र तीन आठवडे धड झोपलेलो नाही, आणि त्याचं कारण एक कोंबडा आहे.

आमच्या पडवीतल्या खोलीत राहणारी रूथ तुम्ही दिवाळीत पाहिलीत. कॅनडाची पोर, दोन वर्षं गावात राहून बायकांना सुधारित कोंबडीपालन शिकवायला आलेली. पहिला महिना तिला फार जड गेला. ती दुपारी दार लावून वाचत बसायची. इथे दिवसाढवळ्या दार लावतं ते आजारी माणूस, नाहीतर भांडलेलं. त्यामुळे बायका पाळीपाळीने दार ठोठावून चौकशी करायच्या, आणि तिला वाटायचं, आपल्यावर पाळत आहे. (आणि ती पाण्याच्या तांब्याबद्दलसुद्धा आभार मानायची. शेजारची भागूबाई मला म्हणाली, ही पोरगी आमाला परकं समजती का?) आता ती दार सताड उघडं टाकून लोकांच्या चुलीपुढे बसलेली असते आणि मला काका म्हणते. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा हा शब्द ऐकायला मला किती बरं वाटतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

या मुलीने पुण्याहून एस.टी.च्या टपावर पाटीत घालून एक पांढराशुभ्र लेगहॉर्न जातीचा कोंबडा आणला. ज्या घरात सात पिढ्यांत अंड्याचं टरफल आलं नाही, त्या घराच्या परसात हे महाशय पहाटे चारला आरवतात. पण गावातल्या बारा घरांच्या देशी कोंबड्यांची पुढची पिढी त्याच्यावर अवलंबून आहे. रूथचं आठ महिन्यांचं काम म्हणजे तो कोंबडा, असं समजा.

जानेवारीत ती तापाने फणफणली. तिसऱ्या दिवशी दुपारी बरळायला लागली, आईला हाका मारायला लागली, तीही तिच्या भाषेत. सरपंचांची जीप कर्जतला गेलेली. मिरजगावचे डॉक्टर सायकलवरून आले, इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर कसंही करून नगरला हलवा म्हणाले. भागूबाई उंबऱ्यात बसून होती. तिने मरीआईला कोंबड्याचा नवस बोलायचं काढलं. मी नुसती मान डोलावली. तेवढ्याने तिचं भागेना.

"गुरुजी, घरातले मोठे तुमी. तुमच्या तोंडून व्हय म्हना. आन् कोंबडा इकत आनलेला चालत न्हाई, जी दुखन्यात हाय तिचाच लागतो."

अण्णा, मी हो म्हणालो. शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारा मी, दुसऱ्याच्या कोंबड्यावर हो म्हणालो. सूर्य मावळायच्या आत ताप उतरला. (डॉक्टर म्हणतात इंजेक्शन, भागूबाई म्हणते मरीआई. मी दोघांनाही मान डोलावली.)

खरी फजिती पुढे झाली. भागूबाईने कोंबड्याच्या डोक्याला कुंकू लावून तो देवीच्या नावे राखला. रूथला वाटलं, हा त्याच्या कामाचा सन्मान आहे. तिने त्याचा फोटो काढून आईला पाठवला! बायका येता-जाता कोंबडा निरखून जातात, म्हणून तिने अहवालात लिहिलं की गावाला या जातीबद्दल फार आस्था वाटू लागली आहे. आस्था आहेच. होळीच्या आधीचा मंगळवार, म्हणजे येता मंगळवार, ठरला आहे.

गेल्या आठवड्यात त्या बारा घरांतल्या सहादेवच्या तीन कोंबड्या पटापट मेल्या, आणि कुजबुज सुरू झाली की नवस अडकलाय. दोन घरांनी रूथला पिल्लं परत आणून दिली, कारण सांगितलं नाही. ती दिवसभर औषधाची पुस्तकं उलटत बसली. उद्या कुणाचं पोर तापलं, तर बोट तिच्याकडे जाईल. आणि नवस फेडावा, तर तिचा कोंबडा मी परस्पर देऊन टाकला हे तिला कळेल. मी तीनदा सांगायला गेलो. एकदा ती त्याला मका भरवत होती, एकदा तिला घरचं पत्र आलं होतं, आणि तिसऱ्यांदा काहीच अडचण नव्हती, तरी मी तिला पाऊस कधी पडेल ते विचारून परत आलो.

असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि आमच्यावर लोभ असतोच, तो या महिन्यात जरा जास्त असावा.

आपला,
यज्ञेश्वर

ता. क. तुम्ही पशुसंवर्धन खात्यात कारकून आहात. सोमवारच्या आत तसाच पांढरा, तेवढाच कोंबडा संगमनेरहून कंडक्टरच्या हाती पाठवा. कुंकू मी लावीन. मरीआईची फसवणूक होईल, पण ते पाप माझ्या डोक्यावर. दमयंतीला यातलं काही लिहू नका.

दुसरा ता. क. पाकिटाला खळ आणायला गेलो तेवढ्यात दमयंतीने पत्र वाचलं आणि रूथला सगळं सांगितलं. परत आलो तर रूथ खुराड्यापाशी उभी. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, कोंबडा माझा होता. तुम्ही तुमचं काय दिलं?" मग तो काखेत घेऊन ती सरळ भागूबाईकडे गेली, मंगळवार पक्का करून आली, आणि दमयंतीकरवी मला कळवलं की घरातल्या मोठ्याने तो हातात धरून सगळ्या गावातून शिवेवरच्या मरीआईपर्यंत न्यायचा असतो. मी नेणार आहे. शाळेची पोरं हसतील, भटजी बोलणं सोडतील. माझं स्वतःचं असं देण्यासारखं तेवढंच आहे.

तेव्हा कोंबडा पाठवाच, पण मंगळवारनंतर. त्या बारा घरांसाठी हवा आहे. रूथ माझ्याशी अजून बोलत नाही. मघाशी जेवायला मात्र नेहमीसारखी आली, आणि दमयंतीने पलीकडे मांडलेलं आपलं ताट उचलून माझ्या शेजारी ठेवून बसली.