पाठीतलं इंजेक्शन आन् तुहा टॅक्टर

पंजाबा,

पोळ्याच्या तोरणात तू माह्या मानाच्या बैलजोडीपुढं टॅक्टर उभा केला, तवापासून आपलं बोलणं बंद हाये. तरी लिवतो.

वाशीमले माहं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हने, "काका, हृदय कमजोर आहे, पूर्ण भूल झेपणार नाही. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचंच बधिर करते."

इंजेक्शन देल्याबरोबर पाय गेले आन् मांगून बीपी बी खाली चालला. मशीन बोंबलाले लागली. बाईनं सलाईनमंधी औषध सोडलं आन् म्हने, "काका, झोपू नका, बोलत राहा."

मले दुसरं काय सुचते? तुहा टॅक्टर काढला. जसजशा शिव्या देल्या, तसतसा बीपी वर आला. बाई म्हने, "औषधानं चढला की भावानं, कळत नाही. पण थांबू नका."

हे पत्र मी टाकत नाही. वाचलं तर तू रडत येशीन, पाया पडशीन आन् आपलं जमून जाईन. डाव्या बाजूचा हर्निया आजून बाकी हाये.

तवरोक तुह्यावर चिडलेला,
रामकिसनदादा
किन्हीराजा