बाबांसाठी कागदाचं नवं यंत्र

पेनांग, चेंग बेंगच्या आधीचा रविवार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या केंग हुआतचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? क्वालालंपूरची हवा तुझ्या खोकल्याला मानवत नाही हे मी मागेच लिहिलं होतं, तू ऐकलं नाहीस. इकडे आम्ही ठीक, म्हणजे माझी साखर वर आणि बी होंगचा आवाज त्याहून वर (ती आत्ता भाजी आणायला गेलीय, म्हणून लिहितो). फोनवर तू मध्येच "मुद्द्याचं बोल" म्हणतेस आणि माझा मुद्दाच हरवतो, म्हणून हे पत्र.

तर वर्षाच्या पितृपूजेला, चेंग बेंगला, बाबांच्या कबरीपाशी जाळायचं सामान घ्यायला मी आ-लेकच्या कागदी वस्तूंच्या दुकानात गेलो होतो. दरवर्षीचंच घ्यायचं होतं, कागदाच्या नोटा, बूट, एक सदरा, जाळलं की त्यांना तिकडे पोचणारं. आ-लेकने सहज विचारलं, "काका, वडिलांकडे तिकडे सिनेमा बघायला काय आहे?" मी म्हटलं, आधी कॅसेटचं यंत्र होतं, मग व्हीसीडीचं, दोन्ही मी माझ्या हाताने जाळलीत. ऐकून तो असा हळहळला की जणू बाबा कालच गेले. "व्हीसीडी? अहो, तिकडे आता कोण वापरतं? गेल्या वर्षी अख्ख्या गल्लीने आपापल्या म्हाताऱ्यांना ब्लू-रे पाठवला. तुमचे वडील बिचारे शेजाऱ्यांच्या खिडकीतून बघत असतील!" आणि त्याने एक चकचकीत कागदी खोकं पुढे सरकवलं. बटणं छापलेली, रिमोट वेगळा.

ताई, शेजाऱ्यांच्या खिडकीतून बघणं बाबांना किती लागेल हे तुला सांगायला नको. शेजारच्या लिमकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा त्यांनी आपलीच खिडकी खिळे ठोकून बंद केली होती, आणि आपण सगळे आत उकडत बसायचो.

तरी मी घाई केली नाही. (सहावीपर्यंतच शिकलो असलो तरी दुकानदार ओळखतो.) मी विचारलं, यात जुनं चालेल का? तर म्हणे व्हीसीडी चालेल, कॅसेट नाही. आता बाबांच्या तलवारबाजीच्या मालिकेच्या सगळ्या कॅसेटी आपण पाठवलेल्या, त्यांचं काय करायचं? शिवाय चित्र नीट दिसायला टीव्ही रुंद हवा. (तोही त्याच्याकडे आहे.) रुंद टीव्ही आपण पाठवलेल्या घराच्या भिंतीवर मावणार नाही. (तीन मजली घरही त्याच्याकडे आहे.) मी तिथल्या स्टुलावर बसलो आणि पाणी मागितलं.

घरी वेईला सांगितलं. मुलगा इंजिनियर, त्याचं डोकं कसं चालतं बघ. "पप्पा, ते आतून रिकामं खोकं आहे. त्यात काहीही चालेल." मी म्हटलं, रिकामं ते आपल्याला, जळल्यावर भरतं. "मग जळल्यावर कॅसेटही चालेल की." मी त्याला मोठ्यांशी नीट बोलायला सांगितलं. तेवढ्यात बी होंग स्वयंपाकघरातून, "अहो, मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता! पडद्यावर माणूस आहे की म्हैस हे ते आवाजावरून ओळखायचे. त्यांना कशाला हवंय स्वच्छ चित्र?"

हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. मेल्यावर मोतीबिंदू बरोबर जातो की इथेच राहतो? देवळात विचारलं, तिथेही दोन मतं निघाली. शेवटी बाबांच्या फोटोपुढे उदबत्ती लावून मी कौलाचे दोन लाकडी तुकडे टाकले आणि सरळ विचारलं, नवं यंत्र पाठवू का? एक उलटा, एक सुलटा पडला तर हो. दोन्ही पालथे पडले तर नाही. पण दोन्ही पडले सपाट बाजू वर करून, म्हणजे बाबा हसले. पुन्हा टाकले, पुन्हा हसले. तिसऱ्यांदाही तेच. आता ते आनंदाने हसत होते की मला हसत होते? जिवंतपणीसुद्धा मला हे कधी कळलं नाही.

तेव्हा तू थोरली आहेस, तूच ठरव. बदलावं की आहे त्यावर भागवावं? चेंग बेंग तोंडावर आलंय आणि मला झोप नाही. भावोजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझ्या शब्दाबाहेर नसलेला,
केंग हुआत

ता. क. तुझ्या उत्तराची वाट बघणार होतो, पण दुकानात एकच उरलंय म्हणे, म्हणून वेईला आणायला पाठवलं. तुझा होकार मी धरून चाललोय. आता खरं सांगतो. आमच्या घरचं यंत्र महिनोन्महिने बंद आहे आणि संध्याकाळी मी भिंतीकडे बघत बसतो. वेई तुझं ऐकतो. त्याला म्हणावं, बापाला एक खरं यंत्र आण, वायर असलेलं, तो जिवंत आहे तोवर. नवं-जुनं काहीही चालेल, माझ्याही डाव्या डोळ्यात आता धूसर दिसतं. मी सांगितलं असं मात्र बोलू नकोस.

ता. क. दुसरा. वेई आला. हातात दोन खोकी! ताई, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग बघितलं तर दोन्ही कागदाची. आ-लेकने एकावर एक फुकट दिलं. बी होंग म्हणाली, "अरे गाढवा, आजीआजोबा एकाच घरात राहतात ना तिकडे? दुसरं कुणाला?" वेई म्हणाला, "असू दे, लागेल कधीतरी," आणि जीभ चावली. मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले. जिवंत माणसाच्या घरात असलं सामान साठवायचं नसतं, हे त्याच्या कॉलेजात शिकवत नाहीत. आ-लेक परत घ्यायला तयार नाही. खोकं आता कपाटावर आहे. मी मनाशी ठरवून टाकलं, हा ब्लू-रे जुना होईपर्यंत मरायचं नाही. लगेच आ-लेकला फोन करून विचारलं, याच्या पुढचं कधी येतंय? म्हणाला, "काळजी नको काका, पुढच्याच चेंग बेंगला."