पहाटेची गोळी आणि लेट मार्क

२ मार्च
मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. पोरगेलासा माणूस, मनगटावर घड्याळसुद्धा नाही. म्हणे पार्किन्सन्सची पहिली गोळी पहाटे पाचला घ्या, रिकाम्या पोटी, आणि परत पडा. उठाल तेव्हा अंग मोकळं असेल. अलार्म लावा म्हणे. चौतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. सकाळी आठचा भोंगा माझ्या बोटाखाली वाजायचा आणि अख्खी वस्ती त्यावर घड्याळं लावायची. मला अलार्म शिकवतोय.

३ मार्च
पाचला जाग आली नाही. सव्वासातला आली. कूस वळता येईना. गादीत मधोमध खड्डा आहे, गादीवाला लबाड. हाताला धरून उठवायला बायकोने अर्धा तास लावला. हिला कामाचा उरक नाहीच.

५ मार्च
संकल्प. पहाटेची गोळी बंद. दिवसाच्या चार घेईन, डॉक्टरचं मन मोडायला नको. सकाळचं अंग इच्छाशक्तीने मोकळं करायचं. झोपताना मनाला बजावायचं, साडेसहाला ऊठ. बस. हिला सांगितलं. तीनदा सांगावं लागलं. हिला हल्ली ऐकू कमी येतं. शेवटी बरं म्हणाली.

७ मार्च
उठलो. ६.४० ला, एकट्याने. बाथरूमच्या दारात पाय थबकले तेवढंच. दार अरुंद आहे, सुताराने माप चुकवलं. बाकी फत्ते.
ही मात्र सव्वासातपर्यंत घोरत होती. आजपासून घराचं मस्टर सुरू. तांबडी पेन्सिल सापडली. हिला पहिला लेट मार्क.

११ मार्च
इच्छाशक्तीचा पाचवा दिवस. ६.३५. ही ७.१०, लेट.
गोळ्यांच्या डबीत पहाटेचा खण आजही रिकामा. ही भरायलाच विसरते. मी ती गोळी घेत नाही हा भाग वेगळा, भरणं हिचं काम आहे. शिवाय माझ्या उशाशी पाण्याचा पेला तसाच पडलेला. अशी बाई माझ्या खात्यात आठवडाभर टिकली नसती.

१९ मार्च
रोज एकच स्वप्न. कुणीतरी पाठीमागे हात घालून बसवतं, ‘गिळा’ म्हणतं, परत निजवतं. मनावर ताबा आला की स्वप्नंसुद्धा वेळेवर पडतात.
अक्षर बारीक केलंय. कागदाची नासाडी नको.

२७ मार्च
डॉक्टर खूश. सकाळ छान सुधारली म्हणे, पाचच्या गोळीची वेळ बरोबर जमली. त्याची कीव आली. हिच्याकडे बघून डोळा मारला, तर ही खाली बघायला लागली. खोटं पचत नाही बिचारीला.

४ एप्रिल
कारखान्याचं पत्र. पन्नासावं वर्ष. बारा तारखेला आठचा भोंगा मी वाजवायचा. सव्वासातला गाडी येणार. पत्र हिला वाचून दाखवलं, मग शेजारच्या इलेक्ट्रिशियनला, मग परत हिला. त्या दिवशी सगळ्यांना दाखवतो, आजारी माणूस कसा असतो ते. बोट तेच आहे. जरा हलतं, पण बटण काही लहान नाही.

८ एप्रिल
मेहुणीचं ऑपरेशन निघालं. ही अकराला जाणार, तेराला येणार. पण पाय निघत नाही हिचा. इलेक्ट्रिशियनला रात्री सोबतीला बोलावू म्हणाली. मी काय तान्हं बाळ आहे? साफ नाही म्हटलं. मला न विचारता त्याच्याकडे किल्ली देऊन ठेवली. एक जादा लेट मार्क.

११ एप्रिल, संध्याकाळी
ही गेली. स्टुलावर गोळी, पाणी, अलार्म आणि चिठ्ठी: पाचला घ्या, हात जोडते. गोळी बाटलीत परत टाकली. अलार्मची बॅटरी काढली. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला, शिस्तीच्या माणसाला तो उशाशी लागत नाही. इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर. मनाला बजावलं: पावणेसहा.

१२ एप्रिल, दुपारी २
लिहायचं नव्हतं.
पाचला स्वयंपाकघरात मोबाइल वाजला. थांबला, परत वाजला. उठायला गेलो तर अंग माझं नव्हतंच. कूस नाही, मान नाही. मनाला बजावलं. मोठ्याने बजावलं. शर्ट समोर खुर्चीवर दिसत होता.
सव्वासातला बेल. कारखान्याचा ड्रायव्हर. आलो आलो म्हणून ओरडलो. दोन खोल्यांपलीकडे त्याला ऐकू गेलं नाही. मलाच नीट ऐकू आलं नाही. गाडी गेली.
आठला भोंगा झाला. कुणी वाजवला कोण जाणे. सेकंदाचाही फरक नव्हता.
मग इलेक्ट्रिशियन किल्लीने आत आला. हिने फोन करून करून त्याला परगावच्या कामावरून परत बोलावलं होतं. त्याने मला बसवलं, गोळी दिली आणि मोबाइल कानाला लावला. ही म्हणाली, “अहो, महिनाभर मीच देतेय ती, पावणेपाचला उठून. तुम्ही अर्धवट झोपेत असता, म्हणून भांडत नाही.”
फोन ठेव म्हटलं. तिला ऐकू गेलं नसावं. पाऊण तासाने पाय सुटले.

१३ एप्रिल
ही दुपारी आली. भोंग्याचं विचारलं नाही. मीही मेहुणीचं विचारलं नाही. मग विचारलं.
संध्याकाळी मस्टर काढलं. पान भरून तांबडं. खोडायला गेलो तर हात हलून कागद फाटला. तसाच ठेवला.

१४ एप्रिल, सकाळी ७
पावणेपाचला मी जागा होतो. ही अंधारात चाचपडत आली. पायाचं बोट स्टुलाला आपटलं तिचं, पण आवाज केला नाही. मी डोळे मिटून घेतले. तिने बसवलं, ‘गिळा’ म्हणाली. गिळली. तिने मला निजवलं, पांघरूण सारखं केलं आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.
६.३५ ला उठलो. ही अजून झोपलीय. तांबडी पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकली.
मी जागा होतो हे हिला सांगणार नाही. डोक्यावर बसेल.